सूर्यास्तापर्यंतचा परवाना

स्टेशन बंद करायला मला पाठवले होते.
कॅन्ससमधले गाव, हजारभर वस्ती, दोन मेनोनाइट चर्चेस,
आणि गव्हाच्या शेतात दोनशे फुटांचा मनोरा.
त्याच्या टोकाचा लाल दिवा धरून
लोक रात्री घरी यायचे.

कपाटात एकोणपन्नास नोंदवह्या.
पहिलीत, निळ्या शाईत:
१४ ऑक्टोबर १९६२. पाचशे वॅट. पियानो दारातून आत जाईना. दार कापले.
खाली सही, ऑर्विल श्राग.
धंदा कोंबडीच्या पिल्लांचा.
पलीकडच्या खोलीत अंडी तडकत,
अलीकडे चार आवाजांत स्तुतिगीत,
आणि माइक बिचारा दोन्हीकडचे उचलायचा.
तक्रारीचे एकच पत्र त्याने जपून ठेवलेय:
पिल्ले तेवढी सुरात आहेत.

मध्यम लहरी दिवसा गावापुरत्या राहतात,
रात्री मात्र त्यांना पाय फुटतात,
मोठ्या शहरांच्या स्टेशनांवर जाऊन आदळतात.
म्हणून सरकारचा परवाना सूर्य असेपर्यंतच.
जूनमध्ये आठ, डिसेंबरात सव्वापाच.
ओळ अर्धी असली तरी खटका पाडायचा.
आमच्याकडे तिन्हीसांजेला दिवा लावतात.
इथे त्याच वेळेला आवाज मालवत आले,
सुट्टी न घेता.

दुपारी बारा दहाला अर्डेला व्होथ:
आधी गव्हाचा भाव, मग मयतांची नावे, मग हरवलेली जनावरे.
एकदा पाने सरमिसळ झाली
आणि नुकतेच पुरलेले हेन्री उनरूह
कपाळावर पांढरा ठिपका असलेले,
पुलाजवळ चरताना दिसल्याचे गावाला कळले.
त्यांची बायको हसली म्हणे,
त्या आठवड्यात पहिल्यांदा.

एकोणऐंशी साली गिटार आली.
ऑर्विलचा पुतण्या लॉवेल, वीस वर्षांचा, केस कानांवर.
मंडळीचे वडील तीन रात्री बसले.
चौथ्या दिवशी वहीत एवढेच:
शनिवारी, दिवसाचा शेवटचा पाऊण तास. ढोल नाही.
म्हणजे हिवाळ्यात त्याचे शेवटचे गाणे
दर आठवड्याला सूर्य खाणार.
खटक्यावर बोट अर्डेलाचे.
सहा हिवाळे तिने ते बोट हलू दिले नाही.
मग लॉवेल ओरेगॉनला गेला, छपरे बसवायला.
वहीत याची नोंद नाही.

दोन हजार चारला मालक टेक्सासचे झाले,
गाणी उपग्रहावरून यायला लागली.
निवेदक सुप्रभात म्हणे, कुठल्या गावाला ते न सांगता.
गव्हाचा भाव थांबला. माणसे मरत राहिली,
पण आता ती शेजाऱ्यांकडून कळायची.

शेवटच्या दिवशी, डिसेंबरात,
शहाऐंशीची अर्डेला काठी टेकत आली.
कोटाच्या खिशात एक टेप, लेबल उडालेले.
म्हणाली, हे पाच वाजून बारा मिनिटांनी लाव.
मी म्हटले, सव्वापाचला बंद करायचेय, बाई.
म्हणाली, मला सांगतोस?
मग थोड्या वेळाने,
अंधार पडला की ओरेगॉनपर्यंत पोचेल का?
पाचशे वॅट, मी म्हटले. हवेच्या मनात असेल तर.

गाणे तसे बेताचेच होते.
गिटारची एक तार उतरलेली,
तिसऱ्या कडव्यात शब्द विसरून तो नुसता गुणगुणतो.
पण चौथे कडवे होते. ते कुणालाच माहीत नव्हते.
खिडकीत अंधार दाटत गेला,
ती खटक्याजवळ उभी, हात कोटाच्या खिशांत.

पाच वाजून एकोणीस मिनिटे झाली होती.
वहीत मी सव्वापाच लिहिले.

मनोरा वसंतात पाडला. लोखंड भंगारात गेले.
जमिनीखाली मात्र एकशेवीस तांब्याच्या तारा
चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या,
त्या कुणी काढल्या नाहीत.
शेत आता गोअरिंग नावाचा माणूस करतो.
त्याचा मला फोन आला होता:
नांगराला काहीतरी गुंततेय,
ओढले की येतच राहते.